कूलर हे वाहन समजावे

यवतमाळात दारव्हा रोडला समृद्धी ले-आउट नावाची वस्ती आहे. तिथला रस्ता रहदारीसाठी आहे, हा लोकांचा जुना गैरसमज नंदकिशोर पांढरीपांडे यांनी निवृत्तीनंतर दूर केला. ज्याच्या घरासमोर जेवढा रस्ता, तेवढा त्याचा, असा ठराव त्यांनी नागरिक मंडळात मांडला आणि तो टाळ्यांच्या गजरात मंजूर झाला. मंजूर होणारच होता. टाळ्या पिटणाऱ्या प्रत्येकाच्या घरासमोर रस्ता होता.

खुद्द नंदकिशोरांकडे गाडी नव्हती. स्कूटर होती, तीही गुडघ्यांनी संप पुकारल्यावर विकली. पण हक्क वापरायचा नसतो, राखायचा असतो, हे कार्यालयात अधीक्षक म्हणून जन्म काढलेल्या माणसाला शिकवावं लागत नाही. उन्हाळा सरल्यावर खिडकीतून काढलेला कूलर त्यांनी सरळ रस्त्यावर उभा केला, त्यावर ताडपत्री बांधली आणि जागा अडवली. चांगली कल्पना कुणाला नको असते? महिना उलटायच्या आत गल्लीत दोन्ही बाजूंनी कूलरच कूलर झाले.

पंचाईत एकट्या खेमसिंगची झाली. शेवटच्या घरात राहणाऱ्या या ठेकेदाराकडे खरोखरची गाडी होती. ती घेऊन तो सकाळी कामावर गेला आणि संध्याकाळी परतला, तर त्याच्या दारात सदाशिवरावांचा दुसरा कूलर. सदाशिवराव म्हणजे नंदकिशोरांचे समोरचे शेजारी, कापसाचे जुने व्यापारी. पडलेला भाव आणि सुटलेली जागा त्यांना झोपेतही दिसायची.

"नंदूभाऊ, हे काय जी?" खेमसिंग म्हणाला. "कूलरले जागा आहे आन् माह्या गाडीले नाही?"

"तुमची गाडी रोज जागा सोडून जाते, खेमसिंगजी. कूलर कधी गेलाय?"

"पण पार्किंग गाडीची असते ना!"

प्रश्न अडचणीचा होता, म्हणून बैठक बोलावण्यात आली. वाहन म्हणजे काय, यावर सखोल चर्चा झाली. ज्याला चाकं ते वाहन, इथवर सगळ्यांचं एकमत झालं, तसे सदाशिवराव उठले.

"मंग माह्या कूलरच्या स्टँडले चार चाकं आहेत. ब्रेकबी आहे."

ठराव झाला: कूलर हे वाहन समजावे. पुढची ओळ नंदकिशोरांनी स्वतःच्या हाताने लिहिली: एकदा सुटलेली जागा, पुढे जो प्रथम वाहन लावील त्याची. ज्यांच्या स्टँडला चाकं नव्हती त्यांनी ती बसवून घेतली. चौकातल्या वेल्डरचा हंगाम बरा गेला. खेमसिंगच्या घरी एसी होता, त्यामुळे त्याला जागा राखायला वाहनच नव्हतं. त्याची गाडी अतिरिक्त ठरून कापसाच्या जिनिंग कारखान्याजवळच्या मैदानात रवाना झाली.

मग नंदकिशोर गल्लीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर रोज एक सूचना टाकू लागले. गॅसवाल्याने सिलिंडर चौकात उतरवून घरंगळत आणावे. शेजाऱ्याच्या कूलरला टेकून उभे राहू नये. पाहुण्यांना बोलावण्यापेक्षा आपणच त्यांच्याकडे जावे, तिकडे जागा असते. ही शेवटची सूचना फार उपयोगी ठरली. गल्लीत पाहुणा येईनासा झाला. रस्ता असा स्वच्छ आणि रिकामा दिसू लागला की मंडळाने स्वतःच स्वतःला आदर्श गल्लीचा फलक दिला.

दिवाळीत पुण्याहून सलील निघाला. नंदकिशोरांचा एकुलता एक मुलगा. सोबत बायको आणि तीन वर्षांची शाल्मली. नात मांडीवर बसावी म्हणून नंदकिशोरांचा जीव किती आसुसला होता, ते त्यांनाच ठाऊक. तिच्यासाठी त्यांनी व्हरांड्यात झोका टांगला होता आणि पाय घसटत स्वतः बाजारात जाऊन फुलबाज्या आणल्या होत्या. त्यांच्या पत्नी सुहासिनीबाईंनी अनारसे तळून डबा भरून ठेवला होता.

गाडी दारात आली आणि उभी राहिली. मैदानात फटाक्यांची दुकानं लागल्यामुळे तिथला मार्ग बंद होता. मधल्या रस्त्यात गाडी ठेवावी, तर गल्लीच बंद होत होती.

"बाबा, कूलर आत घ्या ना. दोन दिवसांचा तर प्रश्न आहे," सलील म्हणाला.

"दोन दिवसांनी तू गाडी काढलीस की जागा सुटली. मग ती पुढच्याची. ठराव आहे."

"कुणी केला असला ठराव?"

 समोर सदाशिवराव आपल्या फाटकात उभे होते. त्यांचा हात एका नव्याच कूलरवर होता. तो त्यांनी मुलीच्या सासरहून खास मागवून घेतला होता.

"आबा, मी उतरू?" शाल्मलीने काच खाली करून विचारलं.

"थांब हं बाळा, आबा करतात काहीतरी."

आणि त्यांनी खरंच केलं. वाकून कूलरचा ब्रेक काढला. चाकं कुरकुरली. समोरच्या कूलरचीही कुरकुरली.

"हालवा ना भाऊ, काहून थांबले?" सदाशिवराव प्रेमाने म्हणाले. "नातीपेक्षा मोठं काय असते? म्या काही आत्ताच नाही लावून राह्यलो. पोरगं जाईल तवा पाहू."

नंदकिशोरांनी नातीकडे पाहिलं. सदाशिवरावांच्या कूलरकडे पाहिलं. मग ब्रेक पुन्हा लावला.

सलीलने थोडा वेळ वाट पाहिली. "आम्ही दिग्रसला जातो. शाल्मलीच्या आजोळी अंगण आहे," तो म्हणाला. त्याचा आवाज चढलेलाही नव्हता, आणि तेच वाईट होतं.

सुहासिनीबाई घरात गेल्या, अनारशांचा डबा घेऊन बाहेर आल्या आणि नातीच्या शेजारी गाडीत बसल्या.

"अगं, पण तू कुठे? सणासुदीला मी एकटा..."

"एकटे कसे? आहे ना तो. पहाटे उठून अभ्यंगस्नान घाला त्याला, आणि ओवाळा," त्या म्हणाल्या.

गाडी उलटी घेत चौकात वळली आणि दिसेनाशी झाली. त्या संध्याकाळी नंदकिशोरांनी ग्रुपवर लिहिलं, "जागा अबाधित आहे." लगेच हात जोडलेली, टाळ्यांची, अंगठ्याची चित्रं आली. सदाशिवरावांनी निष्ठेबद्दल जाहीर अभिनंदन केलं. कुणाचा मुलगा नागपूरच्या लॉजवर उतरला होता, कुणाची मुलगी चौकातूनच फराळ देऊन परतली होती. सगळ्यांच्या जागा शाबूत होत्या. नंदकिशोर फाटकाबाहेर आले. गल्लीत दिवे होते, रांगोळ्या होत्या, आणि त्या पुसायला एक लहान पाऊल नव्हतं. त्यांना रडू आलं. रडतानाही त्यांचा एक हात कूलरवरच होता.

वाचकहो, हसून झालं असेल तर जरा आपल्या फाटकाबाहेर डोकावून या. तुमची ती सिमेंटची कुंडी, ते चुना लावलेले दोन दगड जागेवर आहेत का बघा. असतीलच. ते सरकवायला तुमच्याकडे तरी आता कोण येतं?