कोपरा जाऊ दे

सहदेव चहाचा कप घेऊन ओटीवर आले, तेव्हा त्यांच्या अंगणात अंगण राहिलं नव्हतं. भात झोडून झाल्यावर त्यांच्या बायकोने, आवडीबाईंनी, नुकतीच सारवलेली ती जमीन पांढऱ्या रेघांनी भरून गेली होती. उभ्या एकोणीस, आडव्या एकोणीस. मंडळाच्या कबड्डीच्या सामन्यांतून उरलेली पांढऱ्या फक्कीची पिशवी तुळशीपाशी रिकामी पडली होती. आणि त्यांची सून समीक्षा, बाळाच्या झोळीची दोरी पायाच्या अंगठ्यात अडकवून पायरीवर बसली होती, झोपेत हसावं तशी हसत.

"कबड्डी हाय काय?" सहदेवांनी विचारलं.

"नाही बाबा. गो."

खेळाचं नाव ऐकून आवडीबाईंना काही विशेष वाटलं नाही. त्या सुनेला दिवसभर 'ये गो', 'जा गो' असं गोच म्हणत. पण खेळतात कसं, हे त्यांनी नीट विचारून घेतलं. समीक्षाने सांगितलं की एकाचे दगड काळे, एकाचे पांढरे. रेघा जिथे एकमेकींना छेदतात तिथे आळीपाळीने एकेक ठेवायचा. एकदा ठेवला की हलवायचा नाही; समोरच्याने चहूबाजूंनी कोंडला तर तो मेला. आपल्या दगडांनी जो जास्त जागा वेढेल तो जिंकला.

"म्हणजे भाऊबंदकीच की," आवडीबाई म्हणाल्या आणि तांदूळ निवडायला आत गेल्या.

समीक्षा महाडची. शिकायला पुण्याला गेली आणि तिथल्या वसतिगृहात तिला हा खेळ भेटला. तिच्याहून दोन वर्षं लहान असलेली प्रियदर्शिनी आणि ती, दोघी एकाच पलंगावर मांडी घालून शिकल्या. पुढे समीक्षा लग्न होऊन पोलादपुराकडच्या ह्या कापडे गावात आली आणि प्रियदर्शिनी खेळत राहिली. आता प्रियदर्शिनी शिकवत होती, आणि बाळ झोपलं की समीक्षा तिच्याकडे फोनवरून शिकत होती.

शिकणं म्हणजे मुख्यतः हरणं. खेळ सुरू होण्याआधीच नऊ काळे दगड मांडून घ्यायची सवलत असूनही ती हरायची. परवा तर प्रियदर्शिनीने सरळच सांगितलं. "ताई, राग मानू नकोस. तू बोर्ड बघतच नाहीस. मी जिथे दगड ठेवते तिथे तू धावतेस. मी हाक मारली की तू ओ देतेस."

समीक्षाला कळेना, हाक आल्यावर दुसरं काय करतात. सहा महिने ती तेच करत होती. बाळ कण्हलं की ती उठे, कुकर वाजला की धावे, नवरा सुनील कंपनीतल्या पाळीवरून आला की पाणी देई. झोपेतसुद्धा तिचा एक कान उभाच असे.

"आपण सावकाश एक डाव खेळू," प्रियदर्शिनी म्हणाली होती. "दिवसाला दोन-तीन चाली. त्यात एक तरी चाल स्वतःच्या मनाने खेळ. एकच. मग तुला माझ्या रविवारच्या वर्गात घेते. नाही जमलं तर थोडं थांबू. बाळ मोठं होऊ दे."

हे शेवटचं वाक्य समीक्षाला लागलं. बाळ मोठं झाल्यावर करायच्या गोष्टींची रांग आधीच दारापर्यंत गेली होती, आणि त्या रांगेतून परत आत आलेलं तिने अजून काही पाहिलं नव्हतं. म्हणून तिने अंगणभर बोर्ड आखला. एवढा मोठा, की तो पुरता बघायचा तर मान वर करावीच लागेल. सुनीलने मोटरसायकलवरून नदीचे गोटे पोतं भरून आणून दिले. कंपनीतल्या पाळ्यांनी झोपेचं खोबरं झालेल्या माणसाला फारसे प्रश्न पडत नाहीत. अर्धे गोटे तिने काळेच ठेवले, अर्धे चुन्यात बुडवून वाळवले.

दिवस सुंदर चालले होते. सकाळी नदीवरचं धुकं अंगणात येई आणि दगड त्यात बुडून जात. मग ऊन चढे आणि ते एकेक करून परत येत, आधी पांढरे, मग काळे. फोनला रेंज फक्त तुळशीपाशी. तिथे उभं राहून समीक्षा प्रियदर्शिनीची चाल ऐके, तिचा पांढरा दगड नेऊन ठेवी आणि बाळाला खांद्यावर घेऊन रेघांवरून अलगद फिरत राही. दुरून बघणाऱ्याला वाटलं असतं, बाई झोपेत चालते आहे. ते बरंचसं खरंही होतं.

दुरून बघणारा एक होता. भागोजी, सहदेवांचा चुलतभाऊ आणि शेजारी. दोघांच्या खाचरांमधला बांध कोण कोरतो, ह्यावरून आठ वर्षं त्यांचं सरळ बोलणं नव्हतं. तिरकं मात्र रोज असायचं. भागोजीची मुलगी कशेडीच्या बाजूला दिली होती. हायवे रुंद झाला तेव्हा तिच्या सासरी आधी फक्कीच्या रेघा आल्या होत्या, मग चुन्याचे दगड, मग जेसीबी. आणि दारचा आंबा गेला होता. त्यामुळे कुंपणापलीकडे रेघा आणि पाठोपाठ चुन्याचे दगड बघून भागोजी भरल्या ताटावरून उठला.

"मोजणीवाले कधी येऊन गेले रे?" त्याने कुंपणावरून विचारलं.

सहदेव खरं सांगणारच होते. पण भागोजीचा तो पडलेला चेहरा त्यांना बऱ्याच वर्षांनी बघायला मिळत होता. तो असा स्वस्तात घालवणं त्यांच्या जिवावर आलं.

"मला काय विचारतोस? सूनबाईच्या हातात हाय सगळं. पुण्यावरनं फोन येतो, तसा ती दगड ठेवते."

ह्यातला शब्दन् शब्द खरा होता.

भागोजीने घरी जाऊन विचार केला. अंगण म्हणजे जमिनीचा नकाशा आणि तुळस पूर्वेला धरली, तर सहदेवाचं घर मधोमध येतं, नदी त्या अंगाला, आणि आपला परसातला रायवळ आंबा बरोबर एका पांढऱ्या दगडाखाली. दुसऱ्या दिवशी तो समीक्षाला टोपलीभर वालाच्या शेंगा घेऊन आला. आवडीबाईंनी त्याला विचारलं की अंगावर पाजणाऱ्या बाईला वाल कोण देतं, पोराचं पोट दुखेल. पण शेंगा ठेवून घेतल्या आणि स्वतःसाठी बिरडं केलं. वालाने काम होत नाही म्हटल्यावर भागोजी त्याच्या पुढच्या सकाळी धुक्यात आला आणि तो पांढरा दगड पायाने दोन घरं पलीकडे सरकवून गेला.

सहदेव ओटीवर मिसरी लावत होते. त्यांनी ते पाहिलं. हा खेळ आहे, हे त्यांना चांगलं माहीत होतं. दगड हलवायचा नसतो, हेही माहीत होतं. पण भागोजीने तो नेमका त्यांच्या गोठ्यावर आणून ठेवला होता. खेळ असला म्हणून काय झालं? ते उठले, चूळ भरली आणि तो दगड उचलून भागोजीच्या विहिरीत टाकला, म्हणजे विहीर जिथे असावी असं त्यांना वाटत होतं तिथे.

दुसऱ्या सकाळी भागोजीने विहीर मोकळी केली आणि आणखी एक दगड सहदेवांच्या खाचरात लोटला. तिसऱ्या सकाळी सहदेवांनी तो परतवला, वर आणखी एका दगडाची भर घातली. गावात त्या आठवड्यात गोचे दोन डाव चालू होते, आणि त्यातला जास्त चुरशीचा कोणता होता, ते सांगणं कठीण.

समीक्षाच्या लक्षात येत होतं. पण त्याच महिन्यात बाळाचं टोपडं तांदळाच्या डब्यात सापडलं होतं, आणि एकदा तिने चहाऐवजी जिऱ्याची फोडणी सुनीलपुढे ठेवली होती. पांढरा दगड काल इथे होता आणि आज तिथे आहे, तर आपणच काल नीट बघितलं नसणार, असं तिला वाटे. एकदा तिने फोनवरच्या सगळ्या चाली पहिल्यापासून ताडून बघायला घेतल्या, पण पाचव्या-सहाव्या चालीला बाळ उठलं. मग तिने अंगणावर विश्वास ठेवला. पांढरा दगड दिसेल तिथे ती इमानाने काळा ठेवत राहिली.

पुण्यात प्रियदर्शिनीच्या बोर्डावर मात्र तिथे कुठलाच पांढरा दगड नव्हता.

पहिल्या दिवशी तिने नुसतं "इथे? बरं" असं पाठवलं. दुसऱ्या दिवशी उत्तरच संध्याकाळी आलं. मग एक लांब निरोप आला. "ताई, मी तुझ्या दगडांवर चालून येतेय आणि तू वळून बघत नाहीस. भलतीकडेच काहीतरी मांडत बसलीस. मला आधी वाटलं चुकतेस. आता मलाच भीती वाटायला लागलीय."

समीक्षा तुळशीपाशी उभी राहून ते तीनदा ऐकत राहिली. आपण केलं काय, तेच तिला समजेना. पण कोणीतरी आपल्याला भ्यालं, हे ऐकायला गोड होतं. त्या दिवशी तिने बाळाला न्हाऊ घालताना गाणं म्हटलं.

आठव्या दिवशी प्रियदर्शिनीने फोटो मागितला. एवढा अंगणभर बोर्ड रविवारच्या मुलांना दाखवायचा होता. समीक्षाने ओटीवर स्टूल ठेवून त्यावर चढून फोटो काढला, तुळशीपाशी येऊन पाठवला. लगेच व्हिडिओ कॉल आला.

"ताई, हा कुठला डाव?"

"आपलाच."

"माझा दगड ह्या कोपऱ्यात कधी आला? आणि तो मधला गेला कुठे?"

समीक्षाने वळून अंगणाकडे बघितलं. आठवडाभर तिने ज्यांना ओ दिली होती, त्या हाका कोणी मारल्याच नव्हत्या. आणि ज्या एका चालीसाठी हा सगळा खटाटोप, ती स्वतःच्या मनाची चाल तिने एकदाही खेळली नव्हती. वर्गही गेला. बाळ मोठं होऊ दे.

नेमका तेव्हाच भागोजी फाटकातून आला. हातात दुधी होता. त्याने फोनमधला चेहरा पाहिला, ह्याच पुण्याच्या मॅडम, असं ठरवलं आणि फोनपुढे वाकून हात जोडले. "मॅडम, सगळी जमीन न्या, पण तेवढा आंबा सोडा. माझ्या आजीनं लावलेला हाय."

मग जे बाहेर यायचं ते टप्प्याटप्प्याने बाहेर आलं. मॅडम म्हणाल्या, कसला आंबा. भागोजी म्हणाला, मोजणीतला. समीक्षा म्हणाली, काका, हा खेळ आहे. भागोजीने सहदेवांकडे बघितलं. सहदेव छपराच्या कौलांकडे बघत होते. आवडीबाई बाळाचे कपडे वाळत घालत होत्या, त्या पिळा हातात धरूनच पुढे आल्या.

"पोरगी आठ दिवस समजते, आपल्यालाच विसर पडतोय," त्या दोघांना म्हणाल्या. "आणि तुमी दगड हलवताय. पिकल्या केसांचे ना तुमी?"

दोघांनी माना खाली घातल्या. फोनमधून प्रियदर्शिनीने शांतपणे विचारलं, कुठला दगड कुठून हलला ते कोणाला आठवतं का.

आठवतं का! बांध बोटभर सरकला तरी आठ वर्षं ध्यानात ठेवणारी माणसं ती. "पहिल्या दिवशी ह्यानं हा इथनं उचलून माझ्या विहिरीत टाकला," भागोजी म्हणाला. "आणि त्याच सकाळी त्याच्या आधी तूच तो माझ्या गोठ्यात सोडलास," सहदेव म्हणाले. एकाने आरोप करायचा, दुसऱ्याने त्याच्या आधीचा काढायचा, आणि प्रत्येक आरोपागणिक एक दगड आपल्या जागी परत जायचा. प्रियदर्शिनी आपल्या बोर्डाशी ताडून हो म्हणत होती. एकदाही तिला नाही म्हणावं लागलं नाही.

अंगण खरं झालं. समीक्षा पायरीवर उभी राहून बघत राहिली. तिचे काळे दगड कोणाच्या मागे लागलेले नव्हते. ते अंगणभर पसरले होते, दूर दूर, एकमेकांची आठवण असल्यासारखे. इतकं देखणं तिने आजवर काही मांडलं नव्हतं. आणि हेही तिने मांडलेलं नव्हतं.

"आधीचं सोड," प्रियदर्शिनी म्हणाली. "आता बोर्ड खरा आहे. मी तुझ्या तुळशीजवळच्या कोपऱ्यात चालून आलेय. तुझी पाळी."

कोपरा मरायला टेकला होता. तिथे एक दगड टाकला की वाचणार होता. समीक्षाने दगड उचलला, आणि झोळीतून रडं आलं.

तिचा पाय आपोआप वळला. तेवढ्यात आवडीबाईंनी पिळा दांडीवर टाकला आणि ओला हात पदराला पुसला.

"तुझी पाळी तिकडं हाय ना? खेळ. ही माझी."

रडं थांबलं. अंगण एकदम मोठं झालं. समीक्षाने कोपऱ्याकडे बघितलं, मग मान वर करून सगळीकडे. पलीकडे गोठ्याच्या बाजूला, जिथे कोणीच हाक मारली नव्हती, तिथे केवढी तरी जागा मोकळी पडली होती. ती त्या दिशेने चालू लागली.

"कोपरा वाचव गो," सहदेव आणि भागोजी एकदम म्हणाले.

"जाऊ दे कोपरा," ती म्हणाली आणि अंगणाच्या पार त्या टोकाला दगड ठेवून आली.

प्रियदर्शिनीने आपल्या बोर्डावर तिथे काळा दगड ठेवून बघितला.

"ताई, ही कोणी सुचवली?"

"कोणी नाही."

"रविवारी, दहा वाजता. फोन चार्ज करून ठेव."

समीक्षा तुळशीपाशीच बसली. ओटीवर दोघे भाऊ अजून कोपऱ्याकडे बघत होते.

"हातातला कोपरा घालवला पोरीनं," भागोजी म्हणाला.

"घालवला," सहदेव म्हणाले. "ऐकत नाय कुणाचं."

आठ वर्षांत दोघांचं हे पहिलंच एकमत. ते साफ चुकीचं होतं, पण समीक्षाने ते दुरुस्त केलं नाही. आवडीबाई बाळाला काखेत घेऊन बाहेर आल्या आणि दोघांचा चहा त्यांनी एकाच ताटलीतून आणला.