तिसऱ्या खाचेवर अडलेली मोटर

खंडेनवमीला मनोहररावांनी गणपतीची जागा बदलली आणि तिथून सगळं बिनसलं.

त्यांच्या बायकोनं, गोपिकाबाईंनी, लेथ मशीनपुढं नीट पाट मांडला होता. पाटावर मूठभर तांदूळ, तांदळावर गणपती म्हणून सुपारी. पण मनोहररावांचं म्हणणं पडलं, गणपतीचा मान मोठा, त्याला खाली कशाला? त्याला रेग्युलेटरच्या नव्या पेटीवर बसवा. (नवी म्हणजे मनोहररावांना नवी. नागपूरच्या भंगारवाल्याला ती चांगली जुनी होती.) या पेटीचं हँडल एकेक खाच सरकवलं की लेथ फिरवणाऱ्या मोटरीचा वेग चढत जाई. अख्ख्या हिंगणघाटात अशी मोटर दुसरी नाही, असं मनोहरराव सांगत. दुसरं कुणी सांगत नसे.

तिच्याच भरवशावर त्यांनी कापसाच्या जिनिंगमधली फिटरची नोकरी सोडून घराच्या पडवीत वर्कशॉप टाकलं होतं. आता जिनिंगचे मॅनेजर बापूजी सीझनभराचं लेथवर शाफ्ट कातायचं काम कुणाला तरी देणार होते. दसऱ्याच्या संध्याकाळी सोनं द्यायला येतो, तेव्हा मशीनही पाहतो, असा त्यांचा निरोप होता. काम मिळालं तर वर्कशॉप टिकणार. नाही तर परत नोकरी, आणि तीही मेहुण्याच्या हाताखाली. मेहुण्याला रोज सकाळी साहेब म्हणावं लागणार होतं.

दसऱ्याच्या सकाळी पूजा उचलण्याआधी त्यांनी मुहूर्ताला मशीन सुरू केलं. पहिली खाच झाली, दुसरी झाली, पेटी जराशी थरथरायला लागली. तिसऱ्या खाचेनंतर हँडल जे अडलं ते पुढं जाईना.

मोटर विकणाऱ्यानं बजावलं होतं की हँडलशी कधी जबरदस्ती करायची नाही. मनोहररावांनी त्याचा अर्थ असा काढला की हँडलकडं पाहायचंच नाही, दोष मोटरीतच असणार. त्यांनी मोठा स्विच बंद केला, सदरा खुंटीला टांगला आणि मोटर उघडून बसले.

तेवढ्यात गोपिकाबाई पूजा उचलायला आल्या. पेटीवर तांदूळ होते, गणपती नव्हता.

“अहो, गणपती कुठं गेला?”

“इथं माही मोटर गेली, अन् तुले सुपारीची पडली.”

“सुपारी नाई, गणपती आहे थो,” असं म्हणून त्या शोधायला लागल्या.

मग दिवसभर एकाच पडवीत नवरा मोटरीचा वेग शोधत होता आणि बायको गणपती. मनोहररावांनी कार्बनचे ब्रश काढून घासले, तांब्याची कडी पुसून लख्ख केली, स्प्रिंगा ताणून पाहिल्या. सगळं ठाकठीक निघालं, आणि त्यानं ते जास्तच घाबरले. गोपिकाबाईंनी पोती झटकली, उंदरांवर आळ घेतला, आणि शेवटी नवऱ्याला आ करायला लावला. (मनोहररावांना सुपारीचं व्यसन होतं, त्यामुळे बाईंचं काही चुकलं असं म्हणता येत नाही.)

संध्याकाळी मोटर परत जोडली तेव्हा काही नट उरले. कंपनी जास्तीचे देत असेल, असं म्हणून त्यांनी ते खिशात टाकले. हँडल तरीही तिसऱ्याच खाचेवर.

“आता तुह्या भावाले साहेब म्हणा लागते,” ते म्हणाले.

गोपिकाबाईंना त्यांची दया आली. स्विच बंद आहे ना, एवढं विचारून त्यांनी पेटीचं झाकण उघडलं. आत हँडलच्या वाटेत गणपती घट्ट बसला होता. सकाळच्या थरथरीनं तो फटीतून आत घरंगळला होता. दोघांनीही हात जोडले, आणि बाईंनी गणपती बाहेर काढून झाकण लावलं. मनोहररावांना तर रडूच आलं. कड्यावरून कुणी मागं ओढावं तसं त्यांना झालं.

आणि दारात बापूजी.

आता काय विचारता? मनोहररावांनी स्विच टाकला आणि हँडल थेट शेवटच्या खाचेवर नेलं. मोटर भन्नाट सुटली, आणि खिशातले नट तिचेच पाय जमिनीला आवळणारे असल्यामुळे जागाही सोडायला लागली. घरातली भांडी फळीवरून कोसळली. बापूजी उंबऱ्याबाहेर गेले. गोपिकाबाईंनी धावत जाऊन हँडल मागं ओढलं, तेव्हा कुठं तिसऱ्या खाचेवर मोटर शांत झाली.

“सकाळी मी इथूनच गेलतो,” बापूजी आत येत म्हणाले. “मशीन कशी संथ चालून राह्यली होती. आमचा शाफ्ट लांब अन् बारीक, जोरात फिरवला का लचकते. तवाच ठरवलं होतं, काम याईलेच द्याचं. आता मात्र विचार करा लागते.”

मनोहररावांनी खिशातले नट चाचपले.

“सकाळसारखीच चालन,” गोपिकाबाई म्हणाल्या. “माहा शब्द आहे.”

बापूजींनी थोडा वेळ मशीनकडं पाहिलं, मग मनोहररावांकडं, आणि सोनं गोपिकाबाईंच्या हातावर ठेवलं. काम मिळालं! मेहुणा टळला! मनोहररावांनी इतका मोठा श्वास सोडला की पेटीवरचे उरलेसुरले तांदूळ उडाले.

पायरी उतरता उतरता बापूजी थांबले.

“शाफ्ट उद्या पाठवतो, बाई,” मनोहररावांकडं बोट दाखवत ते म्हणाले. “फक्त थो येईपर्यंत याईले मशीनपाशी जाऊ देऊ नका.”