भाग दुसरा आणि कबुतरं

हौसेराव शेडगे यांचं एक ठाम मत होतं. वस्तू कधी बिघडत नाही, माणसाला ती हाताळता येत नाही. हे मत ते कुणी विचारलं नाही तरी सांगत. घणसोलीतल्या त्यांच्या सोसायटीत पाण्याचा पंप, लिफ्ट आणि वॉचमनच्या केबिनमधला पंखा या तिन्हींना त्यांचा हात लागला होता, आणि तिन्हींसाठी मागाहून मिस्त्री बोलवावा लागला होता. पण ते त्या वस्तूंचं नशीब. हौसेरावांचं मत जागच्या जागी शाबूत होतं.

तसा माणूस मनाचा सोन्यासारखा. वाशीच्या मार्केटात माथाडी टोळीचे मुकादम, टोळी त्यांच्या शब्दाबाहेर जायची नाही. पण घरी आले की त्यांना बसवायचं नाही. बसले की पाय हलायचा. पाय आवरला की हात कशाला तरी जायचा. रिमोटचे सेल काढून पुन्हा घालायचे, दाराची कडी तेल नसताना तेल लावल्यासारखी मागेपुढे करून बघायची, असं सारखं काहीतरी.

"देवानं बसायला जागा दिलीय ना, ती जरा उबवा की," बायको म्हणायची. बायकोचं नाव प्रेमला.

यंदा मात्र मामला गंभीर होता. प्रेमलाची आई, गोजराबाई, साताऱ्याकडच्या गावाहून मोतीबिंदू काढायला लेकीकडे आल्या होत्या. ऑपरेशन झालं, पट्टी निघाली, डॉक्टरांनी टीव्ही बघायला हरकत नाही म्हणून सांगितलं. सोमवारी सकाळी त्यांचा मुलगा ज्योतिबा त्यांना घेऊन गावी निघणार होता. जाण्याआधी म्हातारीची एकच इच्छा होती, आणि ती काही त्यांनी जावयाला सांगितली नाही. जावयाशी थेट बोलायचं नाही, ही त्यांची रीत. जावई समोर आला की पदर डोक्यावर आणि बोलणं लेकीशी, मग जावई गुडघ्याला गुडघा लावून का बसलेला असेना.

"प्रेमला, तुज्या लग्नाच्या शूटिंगमदी हे बोलल्यात न्हवं का गं?"

हे म्हणजे आबा, गोजराबाईंचे मालक. त्यांना जाऊन बरीच वर्षं झाली होती. माणूस अबोल. फोटो काय तो मतदान कार्डावरचा, त्यातही डोळे मिटलेले. गावाकडे याच लग्नाची आणखी एक सीडी होती, ती घराचं बांधकाम काढलं तेव्हा कुठे गेली ते कुणालाच ठाऊक नाही. आता आबांचा आवाज जगात एकाच जागी उरला होता, हौसेराव-प्रेमलाच्या घरातल्या सीडीत. भाग दुसरा. मांडवात ते कुणाला तरी काहीतरी बोलतात, एवढं प्रेमलाला आठवत होतं. काय बोलतात ते मात्र नाही.

"तुझ्या आईंना सांग," हौसेराव प्रेमलाला म्हणाले, कारण एव्हाना त्यांनाही तीच सवय लागली होती, "रविवारी आबांना बोलताना दाखवतो. टॉकीजमध्ये दाखवतात तसं."

घरात सीडी चालवायचं यंत्रच नव्हतं, हा भाग वेगळा. जुनं केव्हाच भंगारात गेलेलं. शनिवारी हौसेराव नवीन प्लेयर घेऊनच आले.

"बाबा, आता सीडी कोण बघतं?" वैष्णवीने विचारलं. ही त्यांची मुलगी, बेलापूरला एका ऑफिसात नोकरीला.

"नुसती सीडी नाही बाळा. वायफाय आहे त्यात. इंटरनेटवरचा सिनेमा लागतो, पेन ड्राइव्ह लागतो. मोबाईलवर जे दिसेल ते जसंच्या तसं टीव्हीवर दिसतं. आणि दुकानदार बोलला, चरे पडलेली सीडीपण खेचून नेतो हा."

यातलं एकही खोटं नव्हतं, हे आधीच सांगून ठेवतो. यंत्र गुणी होतं. खोडीही होत्या. सुरू व्हायला इतका वेळ घ्यायचं की तेवढ्यात माणूस चहा पिऊन यावा. रिमोटवरची अक्षरं मुंगीला वाचता येतील अशी. आणि मधूनच "अपडेट उपलब्ध आहे, करू का?" म्हणून पडद्यावर यायचं, लग्नातल्या वाढप्यासारखं, नको म्हटलं तरी पुन्हा पुन्हा.

रविवारी दुपारी जेवणं झाली. गोजराबाई काळा चष्मा लावून सोफ्यावर मधोमध बसल्या. एका बाजूला ज्योतिबा, दुसऱ्या बाजूला प्रेमला, पायाशी वैष्णवी. हौसेरावांनी भाग पहिला घातला. चित्र स्वच्छ आलं. हळद आली, घाणा आला, जात्यावर ओव्या म्हणणाऱ्या बायका आल्या. त्यातल्या निम्म्या आता नव्हत्या. गोजराबाई एकेकीचं नाव घेत होत्या.

"लई झ्याक दिसतंय," त्या प्रेमलाला म्हणाल्या. "जावयबापूंना सांग."

जावयबापूंची छाती फुगली. भाग पहिला संपला. प्रेमलाने डबी उघडली. डबीत भाग दुसऱ्याची जागा रिकामी होती.

"इथंच तर होती," प्रेमला म्हणाली. "तुम्ही काढली का?"

"मी कशाला काढू?" हौसेराव म्हणाले. आणि तेवढ्यात स्वयंपाकघराच्या पलीकडून एक कबुतर घुमलं.

हौसेरावांना एकदम आठवलं. मागे प्रेमला गावी गेलेली असताना कपडे सुकवायच्या बाल्कनीत कबुतरांनी उच्छाद मांडला होता. चकाकणारं काही टांगलं की कबुतरं येत नाहीत, हे नवी मुंबईत लहान पोरालाही माहीत असतं. समोरच्या बिल्डिंगला तर खिडकीखिडकीत सीड्या लटकतात. हौसेरावांनीही कपाटात हात घातला, हाताला लागल्या त्या चार-पाच सीड्या घेतल्या, दोरा ओवला आणि टांगून दिल्या. घरात प्लेयर नाही, मग सीडी काय कामाची? वस्तू पडून राहण्यापेक्षा वापरात असावी, हेही त्यांचं एक मत होतं.

"सापडेल, सापडेल," ते उठत म्हणाले. "तोवर तुम्ही फोटो बघा. ज्योतिबा, आमच्या गावच्या देवळाचं नवीन काम बघ, माझ्या मोबाईलमध्ये आहे."

त्यांनी मोबाईल टीव्हीला जोडला. देऊळ टीव्हीभर उभं राहिलं. कळस आला, पायऱ्या आल्या, सगळे बघायला लागले. ही संधी साधून हौसेराव आत सटकले. मोबाईल हातातच होता. मोबाईल घेऊन खोलीबाहेर गेलं की टीव्हीवरचं आपोआप बंद पडतं, अशी त्यांची समजूत. रिमोटचं तसंच असतं, समोर धरल्याशिवाय चालत नाही. मग मोबाईल काय वेगळा असणार?

बाल्कनीत सीड्या दोऱ्याला गरगरत होत्या. त्यांच्या डोक्यावरच्या दांडीवर दोन कबुतरं निवांत बसली होती. कबुतरांनी सीड्यांना भीक घातली नव्हती, घातलं होतं ते दुसरंच. कुठली लग्नाची आणि कुठली कसली काही कळेना. वाचायचा चष्मा टीव्हीजवळ राहिलेला. हौसेरावांनी डोकं चालवलं. मोबाईलचा कॅमेरा उघडला, एकेक सीडी जवळ धरली आणि अक्षरं मोठी करून बघायला लागले.

बाहेरच्या खोलीत ज्योतिबा मोठ्याने हसला. फोटो आवडलेले दिसतात, हौसेरावांना बरं वाटलं.

तिसऱ्या सीडीवर घाणीच्या आडून मार्करची पुसट अक्षरं दिसली. विवाह, भाग २. नशीब, बाल्कनी उत्तरेची, ऊन येत नाही, म्हणून सीडी एवढी तरी टिकली होती. पण ही घाण काढायची कशी? फडक्याने पुसली तर चरे पडतील, हे त्यांनाही कळत होतं. शेजारचे अंकुशराव सरकारी ऑफिसात क्लार्क, असल्या गोष्टी त्यांना विचारायच्या. फोन केला तर आवाज जाईल. म्हणून त्यांनी मेसेज लिहिला.

"अंकुशराव अर्जंट. सीडीवरची कबुतराची घाण कशाने जाते? लग्नाची सीडी माझ्या हातून टांगली गेली. घरी बोलू नका."

उत्तर लगेच आलं. "कोमट पाणी. घासू नका. पण लग्नाची? धन्य आहात."

बाहेर वैष्णवी आजीला काहीतरी मोठ्याने वाचून दाखवत होती. देवळातल्या देणगीदारांची नावं असतील, हौसेरावांना वाटलं. त्यांनी कोमट पाणी केलं, सीडी धुतली, झटकली, बनियनला टिपली आणि हसतमुखाने बाहेर आले.

"सापडली बरं का. कपाटामागे पडली होती."

 प्रेमला त्यांच्याकडे बघत नव्हती, टीव्हीकडे बघत होती. हौसेरावांनीही बघितलं. टीव्हीवर त्यांचा आणि अंकुशरावांचा सगळा संवाद वीतभर अक्षरांत लागला होता. तेवढ्यात खाली आणखी एक ओळ आली. "वहिनींना कळलं का?"

"कबुतरंबी दिसली दाजी," ज्योतिबा म्हणाला. "लई जवळनं दिसली. चित्र एकदम क्लिअर आहे हां."

 यंत्राची तारीफच होती ती. प्रेमलाचे डोळे मात्र भरले होते. ती हळूच म्हणाली, "आईला मी काय सांगू आता? उद्या जायची ती." एवढ्या बोलण्याने हौसेराव जे खचले, ते अंकुशरावांच्या ‘धन्य आहात’ने नव्हते खचले. माणूस चुकला होता आणि त्याला ते कळलं होतं.

"घालून तर बघू," ते म्हणाले आणि सीडी आत सरकवली.

पडद्यावर "डिस्क वाचत आहे" आलं. बराच वेळ तेच. यंत्र आतून कुरकुरलं. मग अपडेटचा वाढपी आला, करू का म्हणून. हौसेरावांचा अंगठा त्यांना न विचारता रिमोटवर पडला, आणि पडला तो नेमका ‘हो’वर.

"बाबा," वैष्णवी म्हणाली, "का?"

"हात लागला."

"कृपया यंत्र बंद करू नका," असं पडद्यावर आलं आणि एक निळी रेघ मुंगीच्या पावलाने सरकायला लागली. वायफाय मध्येच बसायचं, रेघ थांबायची, सगळे श्वास धरायचे. हौसेराव उभे राहिले, बसले, खिडकीशी गेले, परत आले. गोजराबाई मात्र रेघेकडे टक लावून बसल्या होत्या.

"हे कवा यायचं गं?" त्यांनी लेकीला विचारलं.

"येतील आई. वाटेत आहेत."

रेघ एकदाची टोकाला गेली. यंत्र स्वतःच बंद झालं, स्वतःच चालू झालं. कुरकुरलं, थांबलं, पुन्हा कुरकुरलं. आणि चौकोनचौकोन फुटत, तुकडे जुळवत, मांडव उभा राहिला.

दुकानदार खोटं बोलला नव्हता. खेचून नेत होतं.

मांडवात भोंगा कर्कश शिट्टी मारत होता. भटजी माइक हातात धरून वैतागले होते. आणि मुंडावळ्या बांधलेला, फेट्यातला, ऐन विशीतला हौसेराव पाटावरून उठून थेट भोंगेवाल्याच्या मशीनच्या पेटीकडे निघाला होता. करवल्या मागे धावत होत्या. नवरदेवाने पेटीचं एक बटण पिळलं, भोंगा आणखी किंचाळला. तेवढ्यात गर्दीतून पांढरा फेटा बांधलेले आबा पुढे आले. त्यांनी जावयाच्या खांद्यावर हात ठेवला.

गोजराबाईंनी काळा चष्मा काढला.

"जावयबापू," आबा म्हणाले, अगदी शांतपणे, "ऱ्हाऊ द्या. तुमी हात लावू नका."

आणि सीडी तिथेच अडकली. जिथे कबुतराने शिक्का मारला होता, नेमकी तिथे.

"तुमी हात लावू नका," आबा पुन्हा म्हणाले. चित्र एक पाऊल मागे गेलं. "तुमी हात लावू नका." खोलीत कुणी हसलं नाही. ज्योतिबाने तोंडावर रुमाल धरला होता, पण तो हसत होता की काय ते सांगता येत नव्हतं. प्रेमलाने आईचा हात घट्ट धरला होता. "तुमी हात लावू नका."

"अडकलंय ते," हौसेराव कासावीस होऊन उठले. "एक मिनिट, बटण दाबून जरा पुढे घेतो." त्यांनी रिमोटकडे हात नेला.

"तुमी हात लावू नका," आबा म्हणाले.

"बसा की खाली," गोजराबाई म्हणाल्या.

सगळ्यांनी वळून बघितलं. पदर डोक्यावरून खांद्यावर आला होता, आणि म्हातारी लेकीकडे नाही, थेट जावयाकडे बघत होती. इतक्या वर्षांत पहिल्यांदा.

"एवढा समजुतीनं सांगतोय माणूस," त्या डोळे पुसत म्हणाल्या. "तवा ऐकलं न्हाई, आता तरी ऐका."

हौसेराव बसले. दोन्ही हात त्यांनी मांड्यांखाली घेतले आणि ते तिथेच राहावेत म्हणून वर नीट वजन दिलं. पाय हलत होता, पण पायाला कुणी काही म्हणत नव्हतं. आबा बोलत राहिले. चहाची वेळ झाली, चहा झाला, तरी कुणी यंत्र बंद केलं नाही.

"उद्या निघताना स्टेशनजवळच्या दुकानात देऊ," प्रेमला शेवटी म्हणाली. "पेन ड्राइव्हवर करून देतात. गावी नेता येईल."

"मी जातो ना घेऊन," हौसेराव म्हणाले.

या खेपेला आबांनी तोंड उघडायच्या आधीच चौघं एका आवाजात बोलली.