टिपणीस नकार द्यायला गेले

“पाणीसुद्धा घोटभरच प्यायचं,” नरसिंहराव टिपणीस मफलर गुंडाळत म्हणाले. “आणि पहिला घास समोर यायच्या आत सांगून मोकळं व्हायचं. ‘आमच्याकडे पत्रिका बघतात, बघून कळवतो.’ बास! नमस्कार करायचा आणि चालायला लागायचं.”

“सांगणार तुम्ही,” अलकनंदाबाई शालीचं टोक सारखं करत म्हणाल्या. “मी आपली गप्प बसणार. आधीच सांगून ठेवते.”

‘कळवतो’ म्हणजे काय ते सबंध महाराष्ट्राला ठाऊक आहे. लग्नाच्या बाबतीत ‘कळवतो’ म्हणालेल्या माणसाने पुढे काही कळवल्याचं आजवर कुणाच्या ऐकिवात नाही. असा गोळीबंद नकार खिशात घालून टिपणीस दांपत्य पुण्याहून दिल्लीला आलं होतं आणि कस्तुरबा गांधी मार्गावरच्या महाराष्ट्र सदनात उतरलं होतं.

कारण अर्थातच चिरंजीव. सुजय गुडगावात नोकरी करत होता आणि तिथेच त्याने लग्न जमवलं होतं. मुलगी मारिसेल, त्याच्याच ऑफिसातली. जन्म दिल्लीचा, हिंदी अस्सल दिल्लीची, पण आईवडील फिलिपिन्सचे. वडील इथल्या एका हॉटेलात आचारी होते, ते वारले. आई लुर्देस कॅनॉट प्लेसमागच्या गल्लीत ‘मनिला कँटीन’ चालवायची. नरसिंहरावांनी फोनवरच नाही म्हणून टाकलं होतं. पण पोरगं बापाचंच! ते म्हणालं, “बाबा, नाही म्हणायचं तर जरूर म्हणा. पण तिच्या आईसमोर बसून, स्वतःच्या तोंडाने म्हणा. मग मी पुन्हा विषय काढणार नाही.”

चारचौघांत नरसिंहराव देश, धर्म, भाषा वगैरे भारदस्त कारणं सांगायचे. खरं दुखणं वेगळंच होतं. टिपणीस मूळचे अलिबागकडचे सीकेपी. त्यांच्या घरात वालाला मोड आणून, एकेक दाणा सोलून बिरडं होतं, आणि ते ज्या दिवशी होतं त्या दिवशी घरात कुणी कुणाशी भांडत नाही. अलकनंदाचे हात थकले की उद्या हे बिरडं करणार कोण? या विचाराने त्यांच्या पोटात खड्डा पडायचा. पण बिरड्यासाठी मुलाचं लग्न मोडतोय हे सांगायचं कुणाला? लोक तोंडात शेण घालतील.

पहिल्या घासाआधीच नकार द्यायचा, यालाही कारण होतं. नरसिंहरावांच्या वडिलांनी त्यांना कान धरून शिकवलेलं होतं. ज्याचं मीठ खाल्लं त्याला नाही म्हणू नये. पानात काही टाकू नये. आणि तोंडात घास असताना बोलू नये. साठी उलटली तरी नरसिंहरावांनी यातला एकही नियम मोडला नव्हता. तेव्हा आधी नकार, मग जेवण. किंवा जेवणच नको.

सुजय दोघांना घेऊन पोचला तेव्हा कँटीनच्या दारात लुर्देसबाई उभ्याच होत्या. ठेंगण्या, गोल चेहऱ्याच्या, स्वेटरवर एप्रन बांधलेल्या. नरसिंहरावांनी घसा खाकरला, पण त्यांच्या आधी बाईच बोलल्या.

“आओ जी, आओ! खाना खाया?”

“त्यांच्याकडे नमस्काराऐवजी हेच विचारतात बाबा,” सुजय कानात पुटपुटला.

नरसिंहरावांना खोटं बोलता येत नसे, आणि हिंदी तर त्याहूनही येत नसे. “नहीं खाया,” ते म्हणाले. “मतलब खाने का है, लेकिन अभी नहीं। पहले हमको एक बोलने का है।”

“नहीं खाया?” लुर्देसबाईंनी कपाळावर हात मारला. “ढाई बज गए भाईसाब! बातें भाग के जा रही हैं क्या? बैठो!”

दिल्लीत तीस वर्षं काढलेल्या बाईपुढे पुण्याचा माणूस कितीसा टिकणार? नरसिंहराव बसले. ठरल्याप्रमाणे खुर्चीच्या कडेला. अलकनंदाबाई मात्र ऐसपैस बसल्या. शेजारच्या टेबलावर सुजय बसला. काउंटरमागे मारिसेल होती. तिने दोघांना वाकून नमस्कार केला आणि हातातलं फडकं पिळत उभी राहिली. पोरीचा चेहरा पांढराफटक पडला होता.

“तो, बात ऐसी है,” नरसिंहरावांनी सुरुवात केली, “कि हमारे में पत्रिका...”

समोर वाडगा आला. त्यातून चिंचेचा वास आला. वाफ जराशी बाजूला झाली आणि आत सोललेली, गुलाबी, टपोरी कोलंबी दिसली.

नरसिंहराव थांबले. आता न्यायाने बघा, कोलंबी गार होऊ देणं हा टिपणीसांच्या घरात गुन्हा आहे. शिवाय हे काही जेवण नव्हे, नुसतं सार, असं त्यांनी मनाला समजावलं आणि एक चमचा तोंडात घातला. जीभ टाळ्याला लागली, डोळे आपोआप मिटले. अलिबागच्या आत्याच्या हातची चव! ही चिंच, ही कोलंबी, हा असा आंबटपणा नेमका कुठे थांबवायचा हे कळणारी बाई त्यांनी आत्यानंतर पाहिलीच नव्हती.

“पाहिलंत ना किती छान आहे?” अलकनंदाबाई म्हणाल्या.

“नुसतं सार आहे,” नरसिंहराव कुजबुजले. “साराला मीठ खाणं म्हणत नाहीत.”

तेवढ्यात बाईंनी एक चिमुकली वाटी पुढे सरकवली. “ये मछली का रस है, ऊपर से डालो!” नरसिंहरावांनी थेंबभर घेऊन पाहिलं. समुद्राने जन्मभर साठवलेलं मीठ त्या वाटीत होतं. म्हणजे तीही पळवाट बुजली! बरं, हरकत नाही, नरसिंहरावांनी स्वतःशी तडजोड केली. ताटातलं संपवायचं आणि मग बोलायचं. मिठाचं प्रायश्चित्त पुण्याला जाऊन घेता येईल.

भात आला. त्यावर व्हिनेगर, लसूण आणि सोया सॉसमध्ये मुरलेली कोंबडी आली. “पोर्क नहीं, आपके लिए सिर्फ़ चिकन बनाया,” बाई म्हणाल्या. नरसिंहरावांनी भराभरा जेवून ताट लख्ख केलं, तोंड पुसलं आणि म्हणाले, “तो वो पत्रिका का...”

ताटात भाताचा डोंगर पडला. वर दोन तंगड्या.

“अहो नहीं! बस! हमको बस!”

“ऐसे कैसे बस? प्लेट तो खाली है!”

आता इथे खरी गंमत होती, पण ती नरसिंहरावांना कळायला उशीर लागला. लुर्देसबाईंच्या देशात रिकामं ताट म्हणजे पाहुणा अजून भुकेला. पोट भरलं की माणूस दोन घास ताटात ठेवतो. तेवढी खूण यजमानिणीला पुरते. आणि टिपणीसांच्या घरात दोन शितं ताटात राहिली तर वडील पुन्हा पाटावर बसवत. हे जितकं पुसून खात होते, तितकं त्या वाढत होत्या. दोघंही आपापल्या जागी अगदी सुसंस्कृत माणसं, आणि मधल्यामधे पोट नरसिंहरावांचं!

त्यांनी पंगतीतला जुना डाव काढला. दोन्ही हात ताटावर आडवे धरले. बाई वाडगा घेऊन हसत उभ्या राहिल्या. नरसिंहरावांनी मिशीला लागलेलं पुसायला एक हात उचलला मात्र, तेवढ्या फटीतून भाताचा डाव आत शिरला. एकेकाळी अलिबागच्या लग्नांतून नरसिंहरावांनी अशाच फटी शोधून भल्याभल्यांच्या पानात जिलब्या टाकल्या होत्या. पेरलं तेच उगवत होतं, दुसरं काय!

“अहो,” अलकनंदाबाई हळूच म्हणाल्या, “थोडं ठेवा ताटात. मग त्या वाढत नाहीत. माझं बघा.”

नरसिंहरावांनी बघितलं. अलकनंदाबाईंच्या ताटाच्या कडेला घासभर भात नीट गोळा करून ठेवलेला होता.

“टाकलंस?” त्यांचा आवाज चिरकला. “तू? टिपणीसांची सून असून?”

“टाकलं नाही, ठेवलंय. अक्कल वापरली.”

“माझ्याच्याने जन्मात होणार नाही,” असं म्हणून त्यांनी पँटचा पट्टा एका भोकाने सैल केला आणि घास उचलला.

मग शेवयांसारख्या नूडल्स आल्या. दीर्घायुष्यासाठी असतात म्हणे, मधे तोडायच्या नाहीत. नरसिंहरावांना आता दीर्घायुष्याची आशा राहिली नव्हती, तरी त्यांनी त्याही संपवल्या. पत्रिकेचा ‘प’ काढला की उचकी लागे. उचकी लागली की बाई पाणी आणत, आणि पाण्यामागोमाग भात. शेवटी एकदाची ढेकर आली, तीही अशी की काउंटरमागची मारिसेल दचकली. बाईंनी छातीवर हात ठेवून ती कौतुकाने स्वीकारली आणि थरथरतं, पिवळंधमक, वरून साखरेचा पाक ओघळणारं काहीतरी पुढे ठेवलं.

“खरवस!” नरसिंहराव किंचाळलेच.

खरवस नव्हता, अंड्या-दुधाचं पुडिंग होतं. पण त्या बापड्याला आता कोण अडवणार? त्याचाही शेवटचा कण त्यांनी चमच्याने खरवडला. पट्टा आता शेवटच्या भोकावर होता. त्यांनी मान वर केली. बाईंच्या हातात काही नव्हतं. भांडी आत गेली होती. आता! आता नाही तर कधीच नाही!

लुर्देसबाईंनी खुर्ची ओढली, समोर बसल्या आणि एक सुस्कारा सोडला.

“भाईसाब, आपसे एक बात कहनी थी। बुरा मत मानना। मैं आज मना करने वाली थी।”

“क्या करने वाली?”

“मना। शादी के लिए। भूखे आदमी को बुरी ख़बर नहीं देते, इसलिए सोचा पहले खिला दूँ।”

नरसिंहरावांना वाटलं, जास्त जेवण कानावर गेलं. नकार? टिपणीसांना? नकार द्यायला तर ते आले होते! पुण्याहून, पदरचा वेळ घालवून!

“हमारे सुजय में क्या ख़राबी है?” त्यांचा आवाज चढला.

“लड़का हीरा है। लेकिन खाता नहीं। इतने महीनों से आ रहा है, हर बार आधी प्लेट छोड़ देता है। मैंने सोचा, घर में ही खाने की क़दर नहीं होगी। मेरी मारिसेल वहाँ भूखी मर जाएगी।”

नरसिंहरावांनी शेजारच्या टेबलाकडे पाहिलं. सुजयच्या ताटात भात एका बाजूला सारून ठेवलेला होता. जवळजवळ सगळाच.

“सुज्या! पानात टाकतोस?”

“बाबा, कार्ब्ज... रात्री जिम असते यार...”

“खड्ड्यात गेली तुझी जिम! खा तो भात!” नरसिंहराव उठून उभे राहिले. म्हणजे निम्मे उभे राहिले. त्याहून वर पोट येऊ देईना. “और आप सुनो! हमारे घर में क़दर नहीं? हमारे घर में बिरडं होता है, बिरडं! वाल को मोड लाते हैं, गरम पानी में डालते हैं, फिर एक-एक दाना सोलते हैं। सब लोग बैठ के! नारळ का दूध डालते हैं। आपकी लड़की हमारे घर में भूखी? अहो, उसको हम इतना खिलाएगा कि वो इस दरवाज़े में से अंदर नहीं आएगी! हमारी अलकनंदा उसको बिरडं सिखाएगी, स्वतः सिखाएगी!”

“सीख लिया, अंकल,” काउंटरमागून बारीक आवाज आला.

“क्या?”

“बिरडं। आंटी ने सिखाया, वीडियो कॉल पे। पहली बार सब जल गया था। अब ठीक बनता है।”

नरसिंहरावांनी बायकोकडे पाहिलं. अलकनंदाबाई शालीच्या टोकाचं विणकाम फार बारकाईने तपासत होत्या.

“मी गप्प बसणार म्हणाले होते ना,” त्या म्हणाल्या. “बसले की!”

नरसिंहरावांच्या पोटातला तो जुना खड्डा एकदम बुजला. जेवणाने नव्हे, हे त्यांचं त्यांना कळलं. या पोरीने आपल्या घरच्या बिरड्यासाठी वाल सोलले होते. अजून घरात आली नव्हती, आपण तिला हाकलायला निघालो होतो, आणि ही इथे बसून बिरडं जाळत होती. त्यांचे डोळे भरून आले. ते खाली बसले आणि म्हणाले, “तो फिर? आप हाँ बोलो ना।”

लुर्देसबाईंनी एकदा मुलीकडे पाहिलं, एकदा मान खाली घालून भात गिळणाऱ्या सुजयकडे.

“सोच के बताऊँगी,” त्या म्हणाल्या.

नरसिंहरावांचा चेहरा खर्रकन उतरला. सोच के बताऊँगी! म्हणजे कळवते! हे तर त्यांचं वाक्य होतं. पुण्याहून घडी न मोडता आणलेलं. आणि ते असं लागतं हे त्यांना साठी उलटून गेल्यावर, पोट तुडुंब भरलेलं असताना आज पहिल्यांदा समजलं.

त्यांच्यापुढे ताट होतं, पुसून लख्ख केलेलं. आणि सबंध दुपारभरात पहिल्यांदाच त्या ताटात कुणी काही वाढलं नव्हतं. इतका वेळ बस बस म्हणून हात जोडणारा तो माणूस त्या रिकाम्या ताटाकडे बघत राहिला. मग त्याने ताट हळूच बाईंच्या बाजूला सरकवलं.

“थोडा चावल... मिलेगा?”

लुर्देसबाईंनी ताटाकडे पाहिलं. त्यांच्या सुटलेल्या पट्ट्याकडे पाहिलं. कपाळावरच्या घामाकडे पाहिलं. आणि त्यांना हसू आवरेना. हसता हसता त्यांनी एप्रनने डोळे टिपले आणि आत वळून हाक मारली.

“मारिसेल! चावल ला बेटा। पापाजी के लिए।”

भात आला, मारिसेलनेच वाढला. आईचीच लेक, तिच्याही हातून जरा जास्तच पडला. नरसिंहरावांनी देवाचं नाव घेतलं आणि पहिला घास तोंडात घातला.

“अहो,” अलकनंदाबाई त्यांच्या कानाशी वाकल्या, “ते पत्रिकेचं सांगायचं राहिलंच की!”

नरसिंहरावांनी एक बोट वर करून त्यांना थांबवलं. तोंडात घास होता, आणि तोंडात घास असताना टिपणीस बोलत नाहीत.