डोंगरातल्या नदीची भरती

गणपती उठले की भिवंडीत जो उकाडा सुरू होतो, त्यात माणसं बनियनवर येतात. आमचे बाळारामदादा स्वेटर घालतात. नुसता स्वेटर नाही. कानटोपी, लोकरीचे हातमोजे आणि गुडघ्यापर्यंतचे गमबूट. असा सगळा जामानिमा करून ते संध्याकाळी बिल्डिंगच्या गच्चीवर चढतात, रीळ लावलेली गळाची काठी हातात घेतात आणि खाली अंगणात ठेवलेल्या निळ्या पिंपात गळ टाकायचा सराव करतात. पिंपात मासा नसतो, बऱ्याचदा पाणीही नसतं.

"दादा, आतल्या आत शिजाल," मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा म्हणालो होतो.

"मास्तर, थंडीची सवय अंगाला आधीपासून लावाय लागते. तयारी पायजे, तयारी!"

'तयारी पायजे' हे दादांचं पालुपद. मी त्यांचा भाडेकरू, इथल्याच एका शाळेत शिकवतो, म्हणून मी मास्तर. दादांच्या घराण्यानं पिढ्यान्‌पिढ्या खाडीकाठी भात लावला आणि उरलेल्या वेळात मासे धरले. आता मानकोलीच्या त्या शेतांवर गोदामं उभी आहेत आणि खाडीचं पाणी असं काळं झालंय की मासाही तिथं नाइलाजानंच राहत असेल. दादांच्या हाताला मात्र अजून काम हवं असतं. ते काम त्यांच्या लेकीनं, सारिकानं दिलं.

सारिका लग्न होऊन कॅनडात गेली. तिथून तिनं एकदा फोन केला, "बाबा, पानगळीत या. सगळे डोंगर पिवळे होतात. आपण गाडीनं दोन-तीन दिवस डोंगरांतून फिरू आणि नदीवर ट्राऊट धरू. आई काठावर बसेल, आपण दोघं गळ टाकू." एवढं बोलून ती थांबली नाही, येणाऱ्याजाणाऱ्याबरोबर ती रीळवाली काठीही पाठवून दिली. झालं! दादांच्या अंगात ट्राऊट शिरला तो तेव्हापासून.

दादा त्याला 'टराउट' म्हणतात. त्याच्या चवीबद्दल त्यांचं मत फारसं बरं नाही. "गोड्या पान्याचा मासा त्यो. आपल्या जिताड्याच्या बाजूला उभा तरी ऱ्हाईल काय? पन पोरीनं धरला का मी मुकाट्यानं खानार."

सरावाचे पहिले दिवस बिल्डिंगला जड गेले. पिंप राहिलं बाजूला, गळ कुठंही जायचा. एकदा तो पहिल्या मजल्यावरच्या अन्सारीचाचांच्या दोरीवरच्या लुंगीत अडकला. दादांना वाटलं चांगला नेम बसला, त्यांनी जोरात रीळ फिरवलं. चेक्सची लुंगी डौलात वर निघाली. रात्रपाळी करून झोपलेले चाचा खिडकीत आले आणि वर बघून म्हणाले, "दादा, मछली कितने किलो की है?"

"वजनाला हलकी हाय, चाचा!" दादा वरून ओरडले.

डोंगरातल्या रस्त्यांचीही तयारी झाली. तिकडे गाडी उजव्या बाजूनं चालवतात हे कळल्यावर दादांनी आपली जुनी जीप काढली, मला शेजारी बसवलं आणि पडघ्याच्या रस्त्याला खुशाल उजव्या बाजूनं घातली. मी डोळे मिटून कुलदैवताचं नाव घेत होतो. पण आश्चर्य असं, की कुणी हॉर्न दिला नाही, कुणी शिवी घातली नाही. समोरून आणखी तीन वाहनं उलटी आली, त्यातल्या एका ट्रकवाल्यानं तर दादांना ओळखीचा हात केला. भिवंडीत ती गोष्ट कुणाच्या लक्षातही आली नाही. "बघ मास्तर," दादा म्हणाले, "आपल्याला तिकडं काय नवीन न्हाय." तिकडच्या डोंगरात गरम पाण्याची कुंडं आहेत असं सारिकानं सांगितलं, तेव्हाही त्यांनी अकलोलीला जाऊन तासभर कुंडात बसून घेतलं. परत आले ते उकडलेल्या कोळंबीसारखे लाल होऊन.

एवढी तयारी आणि ट्रिप मात्र होत नव्हती. त्याला कारण भांग.

पिण्याची भांग नव्हे. खाडीवरची माणसं पौर्णिमा-अमावास्येच्या मोठ्या भरतीला उधाण म्हणतात, आणि अष्टमीच्या आसपास पाणी मरगळतं त्याला भांग. दादांचं म्हणणं, भांगात मासा तोंड उघडत नाही. दरवर्षी सारिका सुटीच्या तारखा कळवायची, दादा भिंतीवरचं पंचांग बघायचे आणि जाहीर करायचे, "तारखा भांगात येतात. यंदा नको."

"दादा," मी जीव तोडून सांगायचो, "ती डोंगरातली नदी आहे. समुद्र शेकडो मैल लांब. तिला भरती नाही आणि ओहोटी नाही."

"पानी हाय म्हंजे भरती हाय," दादा ठामपणे म्हणायचे. "मासा कुठला बी असूं दे, त्याला तीथ कळते."

मी भूगोलाचा मास्तर. फळ्यावर काढून दाखवायचंच काय ते बाकी ठेवलं होतं. शेवटी नाद सोडला. बिल्डिंगमध्ये 'दादांची ट्रिप' हा वाक्प्रचारच होऊन बसला. लिफ्ट कधी सुरू होणार? दादांच्या ट्रिपच्या दिवशी. टाकी कधी धुणार? दादा ट्रिपवरून आले की. दादा हे सगळं ऐकायचे आणि आमच्यापेक्षा मोठ्यानं हसायचे.

हसत नव्हत्या त्या पार्वतीवहिनी. वहिनींचं माहेरही खाडीकाठचं; घरात बसून, पंचांग न बघता, आत्ता पाणी चढतंय की उतरतंय हे त्या सांगतात. दरवर्षी त्या लेकीसाठी सुकट भाजून, पिशवीत घालून, बॅगेच्या तळाशी ठेवायच्या. दरवर्षी भांग निघायचा. मग त्या ती सुकट बाहेर काढून आठवडाभर दादांना दोन्ही वेळेला वाढायच्या. "पोरगी बोलवून बोलवून दमली," त्या मला म्हणायच्या. "या मानसाचा पाय निघत न्हाय. नातवाला मी अजून मांडीवर घेतला न्हाय, मास्तर. नुसता काचंतनं बघते." काच म्हणजे फोनची. असं म्हणून त्या पदरानं फोन पुसायच्या. त्यांचं ते पुसणं बघितलं की मला दादांचा खरोखर राग यायचा.

यंदा मात्र भांगाची सोयच नव्हती. सारिकानं कळवलेली सुटी नेमकी कोजागिरीची. भर पौर्णिमा, भर उधाण! बिल्डिंगमध्ये लाडू वाटायचेच बाकी राहिले. तिकिटं तेवढी सारिका तिकडून काढणार होती. वहिनींनी नातवासाठी झबली-टोपडी शिवायला घेतली. तो आता शाळेत जायच्या वयाचा झालाय हे सांगायचा धीर कुणाला झाला नाही.

परवा संध्याकाळी मी वाळत घातलेले कपडे काढायला गच्चीवर गेलो. दादा नेहमीच्या थाटात, स्वेटर, कानटोपी, गमबूट. काठी कठड्याला टेकवलेली, फोन कानाला. फोन ते नेहमी गच्चीवरच घेतात, घरात रेंज नाही म्हणतात. मला घरात रेंज कायम मिळत आलीय, पण तिकडे कधी माझं लक्ष गेलं नव्हतं.

"अगो, रडतंस कशाला?" दादा बोलत होते. "नवीन नोकरी हाय, सुटी न्हाय देनार ते. मना समजत न्हाय काय? ... न्हाय गो, मनाच जमनार नव्हता. गोदामाचं पत्रे बदलायला काढलंत... पुढच्या साली. पुढच्या साली येऊ... आयेचा काय? आयेचा मी बघतो. तू डोळं पूस नि कामाला जा. डबा घेतलास काय?"

फोन ठेवून ते वळले आणि मला बघून दचकले. कानटोपीच्या आत चेहरा घामानं चिंब होता. निदान मी तरी तो घामच समजलो.

"गोदामाचे पत्रे कधी काढलेत बदलायला?" मी विचारलं.

"कुठचं पत्रे!" दादा पिंपाकडे बघत म्हणाले. "पहिल्या साली तिचं घर व्हायचा होता. मंग पोर झाला, सासूसासरं गेलं तिकडं. मंग तिच्या नवऱ्याची नोकरी गेली. दर साली काय ना काय. तिचा बी खरा हाय."

"मग दरवर्षीचा भांग?"

दादांनी माझ्याकडे असं बघितलं, की वर्गातल्या सगळ्यात ढ मुलाकडेही मी कधी बघितलं नसेल. "मास्तर, जल्म खाडीवर गेला माझा. डोंगरात कुठची भरती?"



"पार्वतीला खरा सांगितला तर तिला वाटंल, पोरीला आपन जड झालो. ते तिच्या मनातनं जायचा न्हाय. माझ्यावर चिडते ती बरी. आठ दिस सुकट खातो, संपला." मग ते म्हणाले, "लहान व्हती तवा होडीत माझ्या पुढ्यात बसायची. पानी उतराय लागला का घाबरायची, बाबा, सगळा पानी चालला. मी म्हनायचो, येतंय गो परत."

फार वाईट वाटलं मला. या माणसाला आम्ही इतकी वर्षं वेडा ठरवला होता आणि त्यानं तो वेडेपणा स्वेटरसारखा अंगावर घालून घेतला होता. त्यांच्या खांद्यावर हात ठेवावा म्हणून मी पुढे झालो, तेवढ्यात खालच्या मजल्यावरच्या बाल्कनीतून वहिनींची हाक आली.

"अवो! सारीचा फोन व्हता ना? तिकिटं काढली काय?"

दादांनी घसा साफ केला आणि नेहमीच्या आवाजात ओरडले, "न्हाय गो! मीच नको बोललो. कोजागिरीला भांग हाय!"

बोलून गेले आणि त्यांनी जीभ चावली. कोजागिरीला भांग! आमच्या वर्गातलं पोरही हे बोललं नसतं आणि बोलले कोण, तर बाळारामदादा. आणि ऐकणारी कोण, तर पार्वतीवहिनी. दादांनी कठडा घट्ट धरला. इतक्या वर्षांची त्यांची मेहनत एका वाक्यात बुडत होती.

मी कठड्यावरून वाकलो. "हो वहिनी, भांगच आहे," मी ओरडून सांगितलं. "मी स्वतः पंचांगात बघितलं." भूगोल शिकवायला लागल्यापासून एवढं धडधडीत खोटं मी पहिल्यांदाच सांगितलं.

वहिनी वर बघत होत्या. माझ्याकडे, मग दादांच्या कानटोपीकडे.  शेजारच्या कारखान्यातले माग तेवढे खडखडत होते.

"व्हय," त्या म्हणाल्या. "भांगच असंल."

मग जरा हळू, "पोरगी बरी हाय ना?"

"बरी हाय," दादा म्हणाले.

"मंग झाला. खाली या, भाकऱ्या गरम हायेत. नि तो स्वेटर काढून द्या माझ्याकडं. धुऊन ठेवते. पुढच्या साली लागंल."