कंडक्टर आबांची टॅबगाडी

मेडशीच्या आमच्या अंगणवाडीत टॅबवर चिमणीची गोष्ट बघायची असेल तर तिकीट काढावं लागतं. बिनतिकिटाचं कोणी सापडलं तर त्याला खाली उतरवतात. खाली म्हणजे सतरंजीवरून फरशीवर. पण उतरलेल्याचा चेहरा असा होतो, की त्याला भर उन्हात अनोळखी फाट्यावर सोडून गाडी निघून गेली आहे.

हा सगळा कारभार नामदेवराव इंगोले बघतात. ते एसटीत कंडक्टर होते. आता निवृत्त आहेत, पण ही गोष्ट त्यांना अजून पूर्णपणे पटलेली नाही. खाकी शर्ट अंगावर असतोच. हातात तिकिटाला भोक पाडायचा जुना चिमटा असतो आणि तो सारखा टिकटिकत असतो. बोलतानाही, चहा पितानाही. मुलं त्यांना कंडक्टर आबा म्हणतात. मी काका म्हणते, तेही हळू.

मी वाशीमची. शिकले इंग्रजी शाळेत, आणि मुळात बोलते कमी. एका संस्थेनं जिल्ह्यातल्या काही अंगणवाड्यांना टॅब दिले आहेत. लहान मुलांबरोबर ते कसे वापरायचे हे सेविकांना दाखवणं हे माझं काम. मेडशीच्या सेविका सुनीताताई. त्यांना मी टॅब कसा सुरू करायचा ते दाखवत होते, तेवढ्यात मुलांची झुंबड उडाली. एकानं दुसऱ्याच्या डोक्यावर हात ठेवला, तिसऱ्यानं पाय. चार वर्षांच्या मुस्काननं तर लांबूनच आपली ओढणी सतरंजीवर फेकली आणि जाहीर केलं, "ही माही जागा हाय."

काकांचं घर समोरच. ते ओसरीवरून हे बघत होते. खिडकीतून रुमाल टाकून जागा धरणारे प्रवासी त्यांनी आयुष्यभर पाहिलेले. त्यांना राहवलं नाही. आत आले आणि म्हणाले, "आधी उतरनाराले उतरू द्या. रांगेत या. गाडी कुठी पळून नाई जाऊन राह्यली."

मुलं रांगेत आली. मी गेले तीन महिने हेच प्रशिक्षणात शिकवत होते आणि एकाही ठिकाणी रांग लागलेली नव्हती. पण म्हणून काकांना बालशिक्षण कळतं असं कोणी समजू नये. त्यांना एसटी कळते. जगात जे काही आहे ते एकतर एसटी आहे किंवा एसटीसारखं असायला हवं होतं, असं त्यांचं मत आहे.

दुसऱ्या दिवशी सतरंज्यांच्या दोन ओळी झाल्या, मधून जायला वाट. टॅब पिठाच्या डब्यावर, समोरच्या काचेसारखा. त्याच्या पुढ्यात ड्रायव्हर, म्हणजे ज्याची पाळी असेल ते मूल, हातात स्टीलचं ताट धरून. छताच्या कडीला पितळी घंटी आणि तिची दोरी काकांच्या हातात. एक बेल थांबायची, डबल बेल निघायची. तिकिटं जुन्या लग्नपत्रिका कापून केलेली. त्यामुळे मुलांच्या खिशात कोणाच्या ना कोणाच्या मामाचं आग्रहाचं निमंत्रण असतं, भोक पाडलेलं.

भाडं म्हणजे सकाळपासून पाहिलेली एक गोष्ट.

"बोल, काय पाह्यलं?"

"बकरी."

"बकरी काय करून राह्यली होती?"

"आसिफ चाचाची लुंगी खाऊन राह्यली होती."

"बस, जा. खिडकीपाशी बस."

मांडीवरचं बाळ फुकट. बाहुलीला अर्धं तिकीट, पण बाहुलीच्या वतीनं भाडं तिच्या आईनं, म्हणजे बाहुली आणणाऱ्या मुलीनं, द्यायचं. एकदा ओम नावाच्या मुलानं घरातलं भांडण सुरुवातीपासून सांगायला घेतलं. काकांनी त्याला मध्येच थांबवलं. "हे बंदी नोट झाली बाप्पा. माह्यापाशी सुट्टे नाईत."

खरा वाद झाला तो गोष्टीमागून गोष्ट आपोआप सुरू होते त्यावरून. चिमणी संपली आणि कोणी हात न लावता माकड सुरू झालं. काका दचकले.

"म्याडम, हे कोनं लावलं?"

मी सांगितलं की आपोआप लागतं.

"म्हंजे विनावाहक विनाथांबा." त्यांचा चेहरा आंबट झाला. मध्ये न थांबणाऱ्या, कंडक्टर नसलेल्या गाड्यांवर त्यांचा जुना राग आहे. अशा गाड्या आल्या तेव्हापासून रस्त्यावरच्या गावांना कोणी विचारत नाही, असं ते म्हणतात. "मधात ज्याले उतराचं हाय त्यानं काय करावं? उडी मारावी?"

मग थांबे सुरू झाले. गोष्टीत टमाटं आलं की एक बेल. टॅब बंद, सगळे प्रवासी खाली, आणि रांगेनं मागच्या भाजीच्या वाफ्यात. तिथं टमाटं बघायचं, हात लावायचा, वास घ्यायचा, तोडायचं नाही. परत येऊन आपापल्या जागी बसलं की डबल बेल. एकदा गोष्टीत हत्ती आला. काकांनी सवयीनं बेल मारली, सगळे उतरले, आणि मग काका दारात उभे राहून बराच वेळ रस्त्याकडे बघत राहिले.

सुनीताताई आतून म्हणाल्या, "काहून आबा, हत्ती लेट हाय का?"

"हा थांबा रद्द," काका म्हणाले आणि सगळ्यांना परत चढवलं.

टॅब कुठे किती चालतो हे आमच्या ऑफिसला कळतं. एक दिवस साहेबांचा फोन आला. "मेडशीत प्रत्येक गोष्ट मध्येच बंद पडते. टॅब खराब आहे का?"

"नाही सर," मी म्हणाले. "मध्ये थांबे आहेत."

मला समजावून सांगता आलं असतं, पण इतकं बोलायचं माझ्या जिवावर आलं.

ही गाडी हळूहळू घरांतही शिरली. मुस्कानचे अब्बू, आसिफभाई, यांचं फाट्यावर शिलाईचं दुकान आहे. ते एकदा तिला सोडायला आले ते तक्रार घेऊनच. "चाचा, रात को मोबाईल देखने बैठा, तो ये बोलती टिकिट दिखाव. नाई म्हटलं, त मोबाईल घेऊनच गेली ना."

"बराबर हाय," काका म्हणाले. "बिनातिकिटाचे होते तुमी."

"मग काय करू?"

"भाडं द्या. दिवसभरात काय पाह्यलं ते सांगा तिले."

आसिफभाई हसले, पण थोडे विचारात पडूनच गेले.

काकांचा मुलगा पुण्यात असतो. नात इरा साडेचार वर्षांची. सून दर रविवारी शेजारच्यांच्या फोनवर व्हिडिओ कॉल लावते, कारण काकांचा फोन बटणांचा आहे. इरा त्या वेळी आईच्या त्याच मोबाईलवर कार्टून बघत जेवत असते. कार्टून नसेल तर घास खाली उतरत नाही. आजोबांना हाय कर म्हटलं की ती हाय करते आणि बोटानं आजोबांना बाजूला ढकलून पुन्हा कार्टून लावते. हे काकांनी मला चहा पिताना मोठ्या कौतुकानं सांगितलं.

"लय हुशार हाय माही नात. मले एका बोटानं सारते." चिमटा टिकटिकायचा थांबला होता. "मी तिकडं जाऊन आलो दिवाळीले. चार दिस होतो. माह्यासंग बोललीच नाई. सून म्हने, अनोळखी मानसापाशी लाजते ते."

मी माझा चहा संपवला. असं कोणी सांगितलं की काय म्हणायचं असतं हे मला कधीच कळलेलं नाही.

"तुमी बी कमीच बोलता," ते म्हणाले. "लहानपनी बी अशाच होत्या काय?"

"हो."

"आजोबासंग बी नाई बोलल्या?"

"बोलत नव्हते," मी म्हणाले. "पण ऐकायचे सगळं. ते काय सांगायचे ते अजून लक्षात आहे."

ते माझ्याकडे नीट बघायला लागले. मग चिमटा पुन्हा सुरू झाला. "हे बरं सांगतलं पोरी." तोपर्यंत मी म्याडम होते.

दोन दिवसांनी ते अंगणवाडीत जरा उशिरा आले. दोरीपाशी उभे राहिले, घंटी पुसली, आणि मग एकदम विचारलं, "या टॅबवरून तिकडं पुन्याले व्हिडिओ लागते का? का हे नियमात नाई बसत?"

टॅब फक्त सहा वर्षांखालच्या मुलांसाठी आहे. मी विचार केला. "तिकडची प्रवासी साडेचार वर्षांची आहे," मी म्हणाले. "बसतं."

शनिवारी मुलाला सुट्टी असते आणि अंगणवाडी चालू असते. काकांनी शर्टाला इस्त्री केली होती. सगळ्यांची भाडी घेऊन झाली. ओमची सगळ्यात पुढची, खिडकीजवळची जागा त्यांनी रिकामी करून घेतली. ओमनं कुरकुर केली, तेव्हा "राखीव हाय" एवढंच म्हणाले. त्या दिवशी टॅब पिठाच्या डब्यावर नव्हता. तो त्या जागेवर, उशीला टेकवून, प्रवाशासारखा बसला होता.

कॉल लागला. पडद्यावर इरा, समोर वरणभात, आणि बोट उचललेलं.

काकांनी तिच्याकडे बघितलंच नाही. ते मागच्या टोकापासून आले, रोजच्यासारखे, चिमटा वाजवत. "चला, तिकीट, तिकीट. मुस्कान, पाय आत घे. वो बाहुलीवाली, अर्धं काढलं ना?" आणि मग खिडकीच्या जागेपाशी थांबले. "तुमचं? कुठून बसल्या?"

इराचं बोट तसंच राहिलं. "ही बस आहे?"

"हाव. म्हंजे, होय. बसच आहे."

"मला पण तिकीट."

"भाडं लागते. सकाळपासून काय पाहिलं?"

तिनं इकडेतिकडे बघितलं. मागून सुनेचा आवाज आला, "सांग ना आजोबांना," पण काकांनी हात वर करून तिला थांबवलं. गाडीत कोणी कोणाला घाई करायची नाही, हा त्यांचा नियम आहे.

"लिफ्टमध्ये कबुतर आलं होतं," इरा म्हणाली.

"कोनत्या मजल्यावर उतरलं?"

ती हसली. काकांनी लग्नपत्रिकेचा एक तुकडा पडद्यासमोर धरून त्याला भोक पाडलं आणि दोरी ओढून डबल बेल मारली. ड्रायव्हर झालेल्या ओमनं ताट फिरवलं. गाडी निघाली.

कबुतर, लिफ्टवाला, वरच्या मजल्यावरचा कुत्रा, सगळं येत गेलं. मध्ये तिची आई न बोलता एकेक घास भरवत होती आणि तो खाली उतरत होता. काका तिच्या सीटला हात टेकून वाकून उभे होते, कंडक्टर चालत्या गाडीत उभे राहतात तसे.

खिचडीची वेळ झाली. मुलांना गाडीची शिस्त पाठ आहे. मुस्कान ओरडली, "आबा, थांबा आला. बेल मारा."

काकांच्या दुसऱ्या हातात दोरी होती. ती त्यांनी ओढली नाही.

सुनीताताई दारात डाव घेऊन उभ्या होत्या. "आबा, खिचडी थंडी होऊन राह्यली. मारा ना बेल."

"थांब वो जराशी," काका म्हणाले. मान त्यांनी वळवली नाही. "परवाशी बोलून राह्यली."