कफाचा जावई

नाडी आणि थर्मामीटर यांचं नेहमी एकमत असतं आणि माणसाची प्रकृती ब्रह्मदेवालाही बदलता येत नाही, असं मी रेवदंड्याच्या बंदरावर ठणकावून सांगितलं. पुण्याहून वैद्यकी शिकून आलो होतो, दारावर नवी पाटी होती आणि रोगी एकही नव्हता. अशा माणसानं तोंड बंद ठेवावं. मी ठेवलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळीच धर्माजी तांडेल दारात! बोटीचा मालक, शब्दाचा पक्का. बरोबर मुलगी कोकिळा, तिला मागणी घातलेला सदू आणि सदूची आई बायजा.

"वैद्यबुवा, पोर माझी पित्ताची हाय, ते सांगाया वैद्य नको. माझ्या भावाच्या घरात नवरा-बायको दोघं बी तापट, एक मडकं टिकत न्हाय. सदू कफाचा निघाला तर पोर देतो. न्हाय तर न्हाय."

सदू ओठ घट्ट मिटून बसला होता. शांत माणूस, म्हणजे कफच, असं म्हणत मी त्याच्या उजव्या मनगटावर तीन बोटं ठेवली. नाडी बेडकासारखी उड्या मारत होती. अस्सल पित्त! मग थर्मामीटर जिभेखाली सरकवला, तर पारा जागचा हलेना. इतका थंड कफ ग्रंथातही नव्हता.

"काय निघालं?" धर्माजीनं विचारलं.

"नाडी पित्त म्हणते."

बायजानं डोळ्यांना पदर लावला.

"आन् ती काचेची कांडी?"

"ती... कफ म्हणते."

"दोघांचं एकमत असतं, बोलला व्हता ना?"

एक लग्न माझ्या तोंडून मोडायच्या बेतात होतं, आणि त्याच्याबरोबर माझा दवाखानाही. वेळ काढायला "पुन्हा बघतो" म्हणालो आणि तिथेच फसलो. या खेपेला पारा सरसर चढला.

"आता कफ गेला कुठं?" धर्माजी उठला. "प्रकृती बदलत न्हाय म्हणं! चल कोकिळे."

घाबरून सदूनं तोंड उघडलं आणि हनुवटीवरून पाणी ओघळलं. पाण्याला बांगड्याचा वास होता.

"बर्फ व्हता त्यो," कोकिळा म्हणाली. "मासळीच्या पेटीतला. मीच दिला. कांडी जिभंखाली ठेवत्यात, ते वैद्यबुवाच बंदरावर सांगत व्हते."

मी छताकडे बघू लागलो. धर्माजी सदूकडे बघत राहिला.

"मासळीचा बर्फ इतका वेळ तोंडात धरलास?"

"व्हय," सदू बधिर जिभेनं म्हणाला.

"मंग माझी पोर बी सोसशील. ठरलं."

बायजा रडता रडता हसली. धर्माजीनं मात्र माझं मनगट धरलं आणि अगदी माझ्यासारखीच तीन बोटं ठेवली. "वैद्यबुवा, तुमची तर सदूपरीस उडतेय."

कोकिळेनं फडक्यात गुंडाळलेला बर्फाचा उरलेला तुकडा पुढं केला. मी मुकाट्यानं तोंडात टाकला.

दुसऱ्या दिवशी दवाखान्याला पहिला रोगी मिळाला. घसा पार बसलेला. मीच.